दुसऱ्या नळीतली गोळी

३० नोव्हेंबर १९३८ ची संध्याकाळ. कुमाऊँमधील ठाक हे गाव नरभक्षक वाघिणीच्या दहशतीने ओस पडले होते. गावाजवळच्या रानात, एका मोठ्या खडकाच्या अरुंद कडेला कसेबसे अंग टेकवून त्रेसष्ट वर्षांचा एक माणूस बसला होता. खाली त्याची माणसे जीव मुठीत धरून दबा धरून होती. सूर्य मावळला होता आणि उजेड झपाट्याने कमी होत होता. तो माणूस वाघाच्या आवाजात साद घालत होता आणि वाघीण त्या सादेला उत्तर देत जवळ येत होती. ती समोर आली तेव्हा नेम धरण्यापुरताच उजेड उरला होता. त्याने हातातील दुनळी रायफलीची उजवी नळी झाडली आणि पाठोपाठ डावी. पहिल्या धक्क्याने त्याची खडकावरची पकड सुटली आणि दुसऱ्याने तो खाली बसलेल्या माणसांच्या अंगावर कोसळला. वाघीण मात्र जागीच ठार झाली होती. पहिली गोळी तिच्या डोळ्याखाली लागली होती, तर दुसरी गळ्यात.

तो माणूस म्हणजे जिम कॉर्बेट. नरभक्षकांच्या मागावरची त्यांची ही अखेरची मोहीम. कॉर्बेट यांच्या कथा मराठी वाचकांच्या काही पिढ्यांनी आवडीने वाचल्या आहेत. त्यांचे धैर्य, जंगलाची जाण आणि पहाडी माणसांविषयीची माया यांवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या हातातील हत्याराकडे आणि त्याहूनही त्या हत्यारात भरलेल्या काडतुसाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक, त्या संध्याकाळी खडकावरच्या माणसांचे प्राण बोटभर लांबीच्या दोन पितळी पुंगळ्यांवर अवलंबून होते. उजव्या नळीचा जबरदस्त धक्का बसल्यानंतरही डाव्या नळीतील काडतुसाची गोळी आपल्या जागेवरून हललेली नसावी, एवढी एक साधी अट त्यामागे होती. ही अट किती महत्त्वाची आहे, हे कॉर्बेट यांचे आयुष्य पाहिले की उमगते.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये झाला. वडील ख्रिस्तोफर विल्यम कॉर्बेट तेथील पोस्टमास्तर होते. घरात मुलांचा मोठा गोतावळा होता. उन्हाळा नैनितालमध्ये आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगी येथील घरी, असा कुटुंबाचा शिरस्ता होता. १८८१ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा जिम अवघा पाच वर्षांचा होता. आई मेरी जेन यांनी मोठ्या हिमतीने संसार सावरला. त्यामुळे पैशांची चणचण आणि हिवाळ्यातले मोकळे रान या दोन्ही गोष्टी मुलाच्या वाट्याला एकदमच आल्या.

आठव्या वर्षाच्या सुमारास जिमच्या हाती पहिली बंदूक आली. ती तोंडाकडून दारू भरायची जुनी दुनळी बंदूक होती. पण दुनळी म्हणायचे ते केवळ नावापुरते. पूर्वी कोणीतरी प्रमाणाबाहेर दारू ठासल्याने तिची उजवी नळी फुटून निकामी झाली होती. नळ्या आणि दस्ता पितळी तारेने करकचून बांधलेले होते. मुलाला वापरता येत होती ती फक्त डावी नळी.

या बंदुकीने मुलाला जे शिकवले ते कोणत्याही शाळेत मिळाले नसते. तोंडाकडून भरायच्या बंदुकीत काडतूस तयार मिळत नाही. प्रत्येक बार हा हाताने भरलेला बार असतो. दारू मोजायची, ती नळीत ओतायची, त्यावर बोळा ठासायचा, मग छर्रे किंवा गोळी आणि पुन्हा बोळा. दारू जास्त झाली तर नळी फुटते. दारू बेताची असूनही गोळी तिच्यावर घट्ट न बसता मध्येच अडकली आणि दोहोंमध्ये पोकळी राहिली, तरी नळी फुगते किंवा फाटते. म्हणजे दारू किती याच्याइतकाच गोळी कोठे बसली हाही प्रश्न महत्त्वाचा असतो. आधीच्या मालकाने केलेल्या चुकीचा पुरावा मुलाच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर, रोज होता. शिवाय दारूगोळा महाग होता. वाया गेलेला प्रत्येक बार खिशाला जाणवत असे.

पुढे दहाव्या वर्षाच्या सुमारास नैनितालच्या कॅडेट तुकडीत त्यांच्या हाती पॉइंट ४५० ची मार्टिनी रायफल आली. सार्जंट मेजरने ती सुट्टीत घरी न्यायला दिली, लागतील तितकी काडतुसेही दिली. अट इतकीच की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत आणायच्या. याच रायफलने त्यांनी आपला पहिला बिबळ्या मारला. दारूचा जपून वापर आणि पुंगळीचा हिशेब या दोन्ही सवयी बालपणीच अंगवळणी पडल्या.

घरची गरज ओळखून विशीच्या आतच कॉर्बेट बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत इंधन निरीक्षक म्हणून लागले. त्यानंतर गंगाकाठच्या मोकामा घाटावर मालाची चढ-उतार करण्याचा ठेका त्यांनी घेतला आणि दोन दशकांहून अधिक काळ तो चालवला. हमालांबरोबर स्वतः राबणारा, त्यांच्यासाठी शाळा काढणारा हा ठेकेदार सुट्टी मिळाली की कुमाऊँ गाठत असे. तेथेच १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीचे काम त्यांच्याकडे आले.

या वाघिणीने नेपाळात सुमारे दोनशे आणि कुमाऊँत त्याहून अधिक, असे एकंदर ४३६ बळी घेतल्याची नोंद कॉर्बेट यांनी केली आहे. या शिकारीचा वृत्तांत काडतुसांच्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. हाक्याच्या दिवशी कॉर्बेट यांच्याजवळ पॉइंट ५०० ची रायफल होती आणि काडतुसे होती फक्त तीन. दोन झाडण्यासाठी आणि एक अडीअडचणीसाठी, असा त्यांचा हिशेब होता. पहिली गोळी निसटत्या वाघिणीवर घाईने गेली आणि वाया गेली. वाघीण पुन्हा दिसली तेव्हा त्यांनी दुसरी झाडली. समुद्रसपाटीला नेम जुळवलेली ती रायफल पहाडातल्या उंचीवर थोडा वर मारा करत असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. गोळी वाघिणीच्या अंगावरून गेली असावी असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ती लागली होती, पण मर्मापासून थोडी मागे. तिसरी गोळी खांद्यात बसली. वाघीण तरीही उभीच होती आणि कॉर्बेट यांच्या हातात आता रिकामी रायफल होती.

ते धावत तहसीलदारांकडे गेले आणि त्यांची बंदूक हिसकावून घेऊन परतले. वाघीण एका खडकावर होती. वीसेक फुटांवर गेल्यावर त्यांचे लक्ष बंदुकीकडे गेले आणि मागचा ठोकळा व नळ्या यांच्यात चांगलीच फट असल्याचे त्यांना दिसले. अशा बंदुकीत दारूचा धूर आणि ज्वाळा मागे उसळून नेमबाजाचे डोळे जाऊ शकतात. पण पर्याय नव्हता. त्यांनी वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरून चाप ओढला. गोळी जबड्याऐवजी पंजावर लागली आणि इतकी वरवर रुतली की नंतर ती नखांनी काढता आली. ज्या गोळीमागचा दाब फटीतून निसटून जातो, ती वीस फुटांवरही काही करू शकत नाही. सुदैवाने आधीच्या दोन जखमांनी वाघिणीचे बळ संपले होते. नंतर नैनितालच्या दरबारात चंपावतच्या तहसीलदारांना सरकारकडून बक्षीस मिळाले ते नव्या बंदुकीचे!

कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी या कामगिरीबद्दल पॉइंट २७५ ची रिग्बी रायफल भेट दिली. ही एकनळी, खटका ओढून पुढचे काडतूस चढवायची हलकी रायफल त्यांची आयुष्यभराची सोबतीण ठरली. १९२६ मध्ये सव्वाशे बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबळ्या आणि १९३० मध्ये चौगडची वाघीण हिनेच मारली. चौगडच्या वेळी तर डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती आणि रायफल एकाच हाताने, अंगाभोवती हळूहळू फिरवून त्यांनी झाडली होती. पण दाट झाडीत, हातभर अंतरावर, दुसरी गोळी पापणी लवण्याआधी सुटली पाहिजे असे जेथे असे, तेथे ते जेफरी कंपनीची पॉइंट ४५०/४०० ची दुनळी रायफल घेत. ठाकच्या खडकावर त्यांच्या हाती होती ती हीच.

दुनळी रायफल हे इंग्रज कारागिरांच्या चिकाटीचे एक नवल आहे. दोन नळ्या शेजारी शेजारी असल्या तरी त्या समांतर नसतात. तोंडाकडे त्या किंचित एकमेकींकडे झुकवलेल्या असतात. याचे कारण धक्क्यात आहे. उजवी नळी झाडली की रायफल मागे आणि वर तर जातेच, पण नळी मध्यरेषेच्या उजवीकडे असल्याने तोंड उजवीकडेही वळते. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे एक-दोन हजारांश पुरतात. पण तेवढ्यातही रायफल थोडी हललेली असते. डाव्या नळीच्या बाबतीत हेच उलट बाजूला घडते. हे हलणे जमेस धरून कारागीर नळ्यांचा कल ठरवतो. तो बार झाडतो, कागदी लक्ष्यावरची भोके पाहतो, नळ्यांमधली पाचर सरकवतो, पुन्हा डाख देतो आणि पुन्हा बार झाडतो. दोन्ही गोळ्या एका ठरावीक अंतरावर शेजारी शेजारी पडू लागल्या की त्याचे काम संपते.

मात्र हा सगळा हिशेब एकाच प्रकारच्या काडतुसासाठी खरा असतो. कॉर्बेट यांच्या रायफलीच्या जातीच्या काडतुसात साधारणपणे ६० ग्रेन, म्हणजे चार ग्रॅमच्या आतबाहेर, कॉर्डाइट नावाची दोऱ्यांसारखी दारू आणि ४०० ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची गोळी असे. ती सेकंदाला सुमारे २१०० फूट वेगाने सुटे. वेग घटला तर गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोंड जास्त वळते आणि उजवीची गोळी उजवीकडे, डावीची डावीकडे अशी फारकत होते. वेग वाढला तर गोळ्या लवकर बाहेर पडतात आणि एकमेकींची वाट ओलांडतात. काडतूस बदलले की एका रायफलीच्या जणू दोन रायफली होतात आणि दोघींचे नेम वेगळे!

गोळी पुंगळीत किती खोल बसवली, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीचे मोल येथे कळते. गोळी थोडी अधिक खोल गेली तर दारूमागची मोकळी जागा कमी होते, दाब लवकर चढतो आणि वेग बदलतो. उलट ती फार बाहेर ठेवली तर बार उडण्यापूर्वीच तिचे अंग नळीतील आट्यांना टेकते. तिला सुटण्यासाठी मोकळी धाव मिळत नाही आणि दाब एकदम उसळू शकतो. जुन्या रायफलींच्या बिजागऱ्या अशा दाबासाठी बनवलेल्या नसतात. शिवाय दुनळीचा आणखी एक खास धोका असतो. उजवी नळी झाडली की संपूर्ण रायफल वेगाने मागे येते. डाव्या नळीत वाट पाहत असलेल्या काडतुसाची पुंगळी तिच्याबरोबर मागे येते, पण आतली जड गोळी आहे तेथेच राहू पाहते. गोळी सैल बसलेली असेल तर ती पुंगळीतून पुढे सरकते, आणि जी खोली कारखान्यात काळजीपूर्वक ठरवलेली होती ती ऐन मोक्याच्या क्षणी बिघडते. यासाठीच गोळीच्या अंगावर एक खाच असते आणि पुंगळीचे तोंड त्या खाचेत घट्ट दाबून बसवले जाते. ठाकला वाघिणीच्या गळ्यात शिरलेली दुसरी गोळी पहिल्या धक्क्यानंतरही आपल्या जागी टिकून राहिली होती. कॉर्बेट यांच्या यशात कारखान्यातील कोणा अनाम कामगाराच्या या चोख कामाचाही वाटा होता.

या सगळ्याची जाणीव असलेला माणूस बंदुकीच्या बाबतीत मिजास करत नाही. कॉर्बेट यांच्या लिखाणात मोजून घेतलेली काडतुसे, तपासून पाहिलेला चाप, अंतराचा अंदाज आणि न झाडलेल्या गोळ्या वारंवार भेटतात. १९२९ मध्ये एका शिकारीत कोणाची तरी जड रायफल त्यांच्या कानाजवळ उडाली आणि कानाचा पडदा फाटला. त्याच वर्षी तल्ला देशच्या नरभक्षकाच्या मागावर असताना तो कान पिकून त्यांना असह्य वेदना झाल्या. हत्याराची किंमत त्यांनी स्वतःच्या शरीरानेही मोजली होती.

कदाचित म्हणूनच शौकासाठी होणाऱ्या शिकारीपासून ते दूर होत गेले. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांच्या छायाचित्रांनी त्यांच्यावर प्रभाव टाकला आणि विसाच्या दशकापासून कॅमेरा हे त्यांचे आवडते साधन बनले. १९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे त्यांचा आग्रह होता. वाघ संपला तर भारताचे वैभव कमी होईल, असे ते निक्षून सांगत. पहिल्या महायुद्धात कुमाऊँच्या जवानांची तुकडी घेऊन ते फ्रान्सला गेले होते. दुसऱ्या महायुद्धात, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सैनिकांना जंगलातील युद्धाचे धडे दिले. १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कचेरीने त्यांचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ प्रसिद्ध केले आणि नैनितालचा हा निवृत्त ठेकेदार जगभर पोहोचला.

स्वातंत्र्यानंतर, १९४७ च्या अखेरीस, अविवाहित कॉर्बेट बहीण मॅगीसह भारत सोडून निघाले. मुंबई बंदरातून त्यांनी पूर्व आफ्रिकेची वाट धरली. निघण्यापूर्वी आपल्या काही बंदुका त्यांनी कालाढुंगीच्या रानात पुरल्या, असे सांगितले जाते. केनियातील न्येरी येथे १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी त्या उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या दोन रायफलींचा पुढील प्रवासही बोलका आहे. रिग्बी त्यांच्या प्रकाशकांकडे गेली आणि कालांतराने तिच्या निर्मात्या कंपनीकडे परतली. दुनळी जेफरी अमेरिकेतील इडाहो प्रांताचे प्रसिद्ध बंदूकलेखक एल्मर कीथ यांच्या संग्रहात दाखल झाली. कीथ हे स्वतः हाताने काडतुसे भरण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. १९८४ मध्ये ते वारले आणि २०१५ मध्ये त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला.

दरम्यान काळ बदलला होता. साम्राज्य मावळले, मोठी शिकार आटली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील मोठ्या कारखान्याने या जड काडतुसांचे उत्पादन बंद केले. कॉर्डाइटही वापरातून गेले. या रायफली जपणाऱ्यांना मग हाताने काडतुसे भरण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. नवी दारू कमी जागा व्यापते, तर संपूर्ण तांब्याच्या नव्या गोळ्या तितक्याच वजनात लांबीला जास्त भरतात आणि पुंगळीत अधिक आत शिरतात. म्हणून आधी जुना वेग यंत्राने मोजून साधायचा, मग गोळी नेमकी खाचेपर्यंत बसवायची, तोंड घट्ट दाबायचे आणि शेवटी कागदावर उजवी, डावी, उजवी, डावी असे बार झाडून दोघींचे जमते आहे का ते पाहायचे. मृत कारागिराने नळ्यांत लिहून ठेवलेला हिशेब त्याच्या पश्चात असा उलगडावा लागतो.

तारेने बांधलेली फुटकी बंदूक घेऊन रानात शिरलेल्या आठ वर्षांच्या मुलाला हे सारे नवे वाटले नसते. हत्याराचे सामर्थ्य सर्वांनाच दिसते. त्याच्या मर्यादा थोड्यांना दिसतात. कॉर्बेट यांना त्या फुटक्या उजव्या नळीत पहिल्यांदा दिसल्या. पुढची साठ वर्षे ते हातात रायफल घेऊन मृत्यूच्या वाटेला अनेकदा गेले आणि धडधाकट परत आले, याचे एक कारण हेही असावे की पहिली गोळी झाडताना दुसऱ्या गोळीचा विचार त्यांच्या मनातून कधी गेला नाही.